मायक्रोकोम सकाळी लागतो, दुपारी पडतो: चिपला दोष देण्याआधी काय तपासायचं

मायक्रोकोम म्हणजे चिपवरच्या सूक्ष्म वलयात एकाच लेसरच्या (पंपाच्या) प्रकाशातून उगवणाऱ्या, कंगव्याच्या दात्यांसारख्या समान अंतरावरच्या अनेक रेषा. पुढचं सगळं सिलिकॉन नायट्राइडच्या वलयांसाठी आहे: १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, ट्यून होणारा पंप लेसर, एर्बियम ॲम्प्लिफायर, चिपच्या दोन्ही कडांना टोकाशी भिंग घडवलेले फायबर, आणि खाली तापमान धरून ठेवणारा पेल्टिए. मुंबईत ज्या प्रयोगशाळांत मला बोलावतात तिथे थोड्याफार फरकाने हीच मांडणी असते, आणि जून लागला की तक्रारही एकच असते. सॉलिटॉन, म्हणजे वलयात आकार न बदलता फिरणारा प्रकाशाचा स्पंद, ज्याच्यावर स्थिर कोम उभा असतो, तो टिकत नाही. फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा "सर, चिप गेली वाटतं" हेच असतं. चिप सहसा गेलेली नसते.

लक्षणं

तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी ओळखा, कारण प्रत्येक लक्षणाचा रोख वेगळ्या जागी असतो.

- सकाळी स्पेक्ट्रम अॅनालायझरवर छान गुळगुळीत घुमट दिसतो आणि दुपारी अचानक पंपाची एकटी रेषा उरते. पुन्हा लेसर फिरवला (म्हणजे त्याची तरंगलांबी सरकवली) की कधी लागतो, कधी नाही. संशय खोलीवर आणि तापमानावर.
- लेसर अनुनादावरून (ज्या तरंगलांबीला प्रकाश वलयात साठतो तिच्यावरून) फिरवताना ऑसिलोस्कोपवर उष्णतेचा त्रिकोण नेहमीसारखा येतो, शेवटी सॉलिटॉनची खूण असलेली पायरीही दिसते, पण पायरीवर थांबायला गेलं की हातात काही राहत नाही. संशय लेसर फिरवण्याच्या वेगावर आणि पंपाच्या स्थैर्यावर.
- त्रिकोणच आखूड झालाय. मागच्या महिन्यात जेवढ्या पॉवरला कोम लागत होता तेवढ्यात आता पंपाच्या बाजूला दोन-चार दाते तेवढे उगवतात. याचा अर्थ प्रकाश वलयापर्यंत पोचत नाहीये. कनेक्टर, ध्रुवण (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) किंवा कपलिंग (फायबर आणि चिप यांच्यातली प्रकाशाची ये-जा).
- दाते भरपूर, स्पेक्ट्रम रुंद, पण फोटोडायोडवर कमी वारंवारतेला गोंगाटाचा डोंगर. हा सॉलिटॉन नाहीच, गोंधळलेल्या अवस्थेतला कोम आहे. स्पेक्ट्रमचं चित्र देखणं असतं म्हणून लोक फसतात.
- सॉलिटॉन शाबूत, गोंगाट नाही, तरी मोजमाप तासागणिक सरकतंय. इथे चिपकडे बघूही नका. संदर्भ घड्याळ बघा, म्हणजे ज्याच्याशी ताडून वारंवारता मोजता ते.

शेवटची दोन लक्षणं वेगळी काढता यावीत म्हणून एक सवय लावून घ्या. पंपाची रेषा फिल्टरने काढून टाकायची, उरलेला कोम फोटोडायोडवर घ्यायचा आणि शून्यापासून १ गिगाहर्ट्झपर्यंतचा गोंगाट बघायचा. सॉलिटॉन लागला की हा गोंगाट यंत्राच्या तळापर्यंत खाली बसतो. बसला नाही, तर त्या कोमने केलेलं कुठलंही मोजमाप कागदावर उतरवू नका.

पॉवर वाढवायची नाही

कोम लागत नाही म्हटल्यावर पहिला हात ॲम्प्लिफायरच्या बटणाकडे जातो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, त्यातला हा प्रकार. वलयात कोम सुरू व्हायला लागणारी किमान पॉवर क्यूच्या (वलय प्रकाश किती काळ धरून ठेवतं त्याच्या मापाच्या) वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. क्यू अर्धा झाला तर चौपट पॉवर लागते. पण क्यू एका रात्रीत अर्धा होत नाही. एका रात्रीत घडतं ते हे की कनेक्टरवर धूळ बसते, फायबरचं टोक मायक्रोमीटरभर सरकतं किंवा ध्रुवण फिरतं. अशा वेळी पॉवर वाढवली की धुळीचा कण तापतो, टोक जळतं, आणि फुकटात सुटणारी अडचण महिनाभराच्या दुरुस्तीवर जाते.

तापमान इतकं महत्त्वाचं का, तेही थोडक्यात. वलयात प्रकाश शिरला की वलय तापतं, अपवर्तनांक वाढतो आणि अनुनाद लांब तरंगलांबीकडे सरकतो. आखूड तरंगलांबीकडून येणारा लेसर त्याला पुढे पुढे ढकलत नेतो. ऑसिलोस्कोपवरचा तो तिरका त्रिकोण म्हणजे हेच. त्रिकोणाच्या टोकाला सॉलिटॉन जन्मतो, पण त्याच क्षणी वलयातली पॉवर एकदम घसरते, वलय गार होतं आणि अनुनाद उलट्या दिशेने पळतो. लेसर आहे तिथेच राहतो. दोघांमधलं अंतर सॉलिटॉनला सोसवेल त्यापलीकडे गेलं की खेळ संपला. पहिला मायक्रोकोम काचेच्या सूक्ष्म वलयात २००७ साली दिसला. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या स्फटिकात सॉलिटॉन २०१४ साली दाखवले गेले, आणि लेसर फिरवण्याचा वेग बरोबर साधणं हा त्या कामातला कळीचा भाग होता.

आता आकडे. सिलिकॉन नायट्राइडच्या वलयाचा अनुनाद दर अंश सेल्सिअसला साधारण २.५ गिगाहर्ट्झ सरकतो. क्यू १० लाख धरला तर १९३ टेराहर्ट्झच्या प्रकाशाला अनुनादाची रुंदी येते १९३ मेगाहर्ट्झ. म्हणजे अंशाच्या दहाव्या भागात अनुनाद स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त हलतो. क्यू १ कोटी असेल तर हेच अंशाच्या शंभराव्या भागात होतं. चिप जितकी चांगली तितकी ती नखरेल.

आधी फुकटात होणारं

कशालाही हात लावण्याआधी सगळे आकडे वहीत उतरवा: लेसरची तरंगलांबी आणि करंट, ॲम्प्लिफायरचा आउटपुट, पेल्टिएचा सेटपॉइंट आणि प्रत्यक्ष वाचन, खोलीचं तापमान, आर्द्रता, वेळ. त्रिकोणाचा फोटो काढा. एकदा स्क्रू फिरवले की "आधी कसं होतं" हे कोणालाच आठवत नाही, आणि पुढे कोणाला बोलवायची वेळ आली तर तो पहिलं हेच विचारणार. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ध्रुवण आणि कपलिंग एकदम फिरवणाऱ्यांच्या टेबलावर मी पूर्ण दिवस घालवलेत.

मोजमाप सरकत असेल तर फ्रिक्वेन्सी काउंटरच्या मागे जाऊन संदर्भ घड्याळाची १० मेगाहर्ट्झची केबल हलवून बघा. मग पुढे येऊन सेटिंगमध्ये बघा की काउंटर बाहेरचा संदर्भ घेतोय की आतल्या क्वार्ट्झवर चालतोय. बरेचसे काउंटर बाहेरचा संदर्भ तुटला की गुपचूप आतल्यावर जातात. पडद्याच्या कोपऱ्यातलं बारीक चिन्ह बदलतं, तेवढंच. फरक किती पडतो? क्वार्ट्झ एक कोटीत एक एवढा चुकला तरी १९३ टेराहर्ट्झवर ती चूक १९ मेगाहर्ट्झ होते. कोमच्या प्रत्येक दात्याची वारंवारता म्हणजे दात्याचा क्रमांक गुणिले पुनरावृत्ती दर (शेजारच्या दोन दात्यांमधलं अंतर), अधिक एक ठरावीक सरक. १०० गिगाहर्ट्झच्या कोममध्ये १५५० नॅनोमीटरजवळचा क्रमांक १९३०च्या आसपास असतो, त्यामुळे पुनरावृत्ती दरातली १ हर्ट्झची चूक प्रकाशापर्यंत पोचेतो जवळजवळ २ किलोहर्ट्झ होते. जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना २००५ साली ज्या कामासाठी नोबेल मिळालं त्याचा सगळा डौल या साध्या गुणाकारात आहे, आणि आपली सगळी डोकेदुखीही.

संदर्भ जीपीएसवर बांधलेल्या रुबिडियम घड्याळाचा असेल तर गच्चीवर जाऊन या. पावसाळ्याआधी गळती थांबवायला इमारतींच्या गच्चीवर पत्र्याची शेड चढते, आणि अँटेना तिच्याखाली जातो. पत्र्यातून उपग्रहाचा सिग्नल येत नाही. रुबिडियम मग स्वतःच्या भरवशावर चालत राहतो, दिवा केशरी होतो, आणि तो दिवा रॅकच्या मागच्या बाजूला असतो. खाऱ्या हवेने अँटेनाचा कनेक्टर हिरवा पडला असेल तर तोही बदला. लॅमिंग्टन रोडला तो सहज मिळतो. नवा लावल्यावर वरून पाणी न शिरणारी टेप गुंडाळा.

खोली, एसी आणि दव

मुंबईत पावसाळ्यात येणाऱ्या तक्रारींपैकी मोठा वाटा इथेच मिटतो, म्हणून इथे वेळ काढा.

पेल्टिएचा सेटपॉइंट २० किंवा २२ अंशांवर ठेवायची पद्धत थंड, कोरड्या देशांतल्या प्रयोगशाळांतून आपल्याकडे जशीच्या तशी आली आहे. जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली की दवबिंदू २६ अंशांच्या थोडा वर येतो. त्या हवेत २२ अंशांची कुठलीही वस्तू ठेवली तरी तिच्यावर पाणी धरणारच. दिवसा एसी चालू असताना, समजा २४ अंश आणि ६० टक्के, दवबिंदू १६च्या खाली असतो आणि सगळं सुरळीत चालतं. संध्याकाळी प्रयोगशाळेतले मामा दिवे-पंखे-एसी बंद करून, कुलूप लावून जातात. पेल्टिए मात्र चालूच राहतो, कारण "चिप स्थिर राहू दे" म्हणून कोणीतरी तशी सूचना चिकटवलेली असते. रात्रभर दमट हवा आत येते आणि चिप, तिचा माउंट, शेजारचं फायबरचं टोक, सगळं भिजतं.

सकाळी मायक्रोस्कोपखाली बघितलंत तर चिपच्या कडेला बारीक थेंबांची ओळ दिसते, आणि फायबरच्या भिंगावर एक थेंब भिंगासारखाच गोल बसलेला असतो. एसी लागल्यावर तासाभरात ते सुकतं, म्हणून दहा वाजता आलेल्याला काहीच दिसत नाही. पण सुकताना थेंब आपली धूळ आणि मीठ मागे सोडून जातो. तीच पांढुरकी कडा पुढे पॉवर चढल्यावर तापते. पाणी स्वतःही १५५० नॅनोमीटरला प्रकाश चांगलाच शोषतं, त्यामुळे ओली कड म्हणजे तोटा आणि उष्णता दोन्ही.

उपाय पैशांत स्वस्त आहे. सेटपॉइंट ३० अंशांवर न्या. ८ अंशांच्या फरकाने अनुनाद साधारण २० गिगाहर्ट्झ, म्हणजे ०.१६ नॅनोमीटर, लांब तरंगलांबीकडे सरकेल. लेसर तेवढा पुढे नेऊन अनुनाद पुन्हा शोधा आणि नवा आकडा टेबलावर चिकटवून ठेवा. तरंगलांबी का बदलली म्हणून पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी घाबरायला नको. काही शे रुपयांचं आर्द्रतामापक चिपच्या शेजारी ठेवा, खोलीच्या दारापाशी नव्हे. मांडणीवर ॲक्रिलिकची पेटी घाला, आत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की भाजून पुन्हा वापरा. कोरडा नायट्रोजन असेल तर अगदी मंद सोडा. जोरात सोडलात तर फायबरची टोकं थरथरतात आणि आपण एका आजारावर दुसरा ओढवून घेतो.

दुसरी बाजू एसीच्या झोताची. स्प्लिट एसीचा काँप्रेसर चालू-बंद होत राहतो, आणि कोमची पॉवर तासभर नोंदवली तर त्याच तालात खालीवर होणारी करवत कागदावर उमटते. ती दिसली की अर्ध्या तासासाठी एसी बंद करून बघा (सेटपॉइंट आधी ३० अंशांवर नेलेला असला पाहिजे). करवत गेली तर दोषी सापडला. झोत टेबलावरून वळवा, पेटी घाला, आणि लेसरवरही झाकण येऊ द्या, कारण खोली हलली की ट्यून होणारा लेसरही हलतो, काही वेळा चिपपेक्षा जास्त. पेल्टिएच्या पडद्यावर तापमान हजाराव्या भागापर्यंत स्थिर दिसतं म्हणून गाफील राहू नका. तो आकडा माउंटमध्ये खुपसलेल्या थर्मिस्टरचा आहे. चिपखालची ग्रीस वाळली असेल तर माउंट स्थिर आणि चिप भलतीकडेच.

कनेक्टर

इथून पुढे लेसरशी संबंध येतो. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, आणि ॲम्प्लिफायरनंतर अर्धा वॅट ओलांडला की तो लेसरच्या सर्वांत धोकादायक वर्गात, वर्ग ४ मध्ये, जातो. ही तरंगलांबी डोळ्याच्या पडद्यापर्यंत फारशी पोचत नाही, पण बुबुळावरचा पारदर्शक पडदा जाळते. त्यामुळे आधी ॲम्प्लिफायर बंद, मग लेसर बंद, मग पॉवर मीटर लावून शून्य आल्याची खात्री, आणि त्यानंतरच कनेक्टर उघडायचा. प्रकाश चालू असताना उघडलेला कनेक्टर त्याच क्षणी स्वतःला जाळून घेऊ शकतो.

सिंगल मोड फायबरमध्ये प्रकाश साधारण १० मायक्रोमीटर रुंदीच्या ठिपक्यात कोंबलेला असतो. १ वॅट तिथे भरला तर तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला १० लाख वॅटच्या वर जाते. त्या ठिपक्यावर बोटाचा तेलकट डाग असेल तर काय होईल ते सांगायला नको. तपासणीच्या स्कोपखाली चांगलं टोक स्वच्छ राखाडी चकतीसारखं दिसतं. जळक्या टोकाला अगदी मधोमध काळा खड्डा आणि भोवती तपकिरी वर्तुळ असतं. धूळ साफ होते. खड्डा साफ होत नाही, ती पॅचकॉर्ड टाकून द्या, "तात्पुरती" म्हणून कपाटात ठेवू नका. कपाटातून ती पुन्हा बाहेर येतेच, आणि जळकं टोक ज्याला जोडाल त्याचंही टोक खराब करतं.

साफ करताना आधी कोरडी पद्धत, म्हणजे क्लिक करून फिरणारी रिबीन. डाग हटला नाही तरच लिंट न सोडणारा कागद आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, लगेच पुन्हा कोरडं. अल्कोहोलची बाटली पावसाळ्यात उघडी राहिली तर हवेतलं पाणी ओढते आणि मग टोकावर तिचेच डाग उरतात. जोडी दोन्ही बाजूंची साफ करायची. लोक केबल साफ करतात आणि यंत्राच्या तोंडातलं टोक विसरतात.

हिरवा कनेक्टर निळ्याला जोडलेला नाही ना, तेही बघा. हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं. दोन्ही एकमेकांत बसतात, कारण धातूची कॉलर तीच; पण मध्ये हवेची फट राहते, बराच प्रकाश वाया जातो आणि परावर्तन लेसरकडे परत फिरतं. नवा विद्यार्थी रुजू झाला की हे हमखास होतं.

ध्रुवण

ॲम्प्लिफायर वगळून, फक्त १ मिलिवॅटवर लेसर फिरवा. दोन वेगवेगळ्या अंतरांच्या अनुनादांची सरमिसळ दिसत असेल तर दोन ध्रुवणं एकदम शिरताहेत. हवं असलेलं कुटुंब खोल आणि नको असलेलं जवळजवळ नाहीसं होईपर्यंत ध्रुवण कंट्रोलरच्या पाकळ्या फिरवा, आणि मग फायबर टेबलाला टेपने चिकटवा. सुटं लोंबणारं फायबर कोणाच्या तरी कोपराने हलतं आणि ध्रुवण फिरतं. ध्रुवण राखणारं फायबर असेल तर ही पायरी सोडा.

कपलिंग

अजूनही १ मिलिवॅटवरच, आणि लेसर अनुनादापासून बाजूला ठेवून: आत किती, बाहेर किती, हे मोजा. दर कडेला २ डेसिबल धरले तर दोन्ही मिळून ४, म्हणजे साधारण ४० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. तुमच्या वहीत चिप नवी असतानाचा आकडा असेलच. त्यापेक्षा १ डेसिबलपर्यंत कमी असेल तर कपलिंगच्या मागे लागू नका. ३ डेसिबल कमी, म्हणजे निम्मा प्रकाश, असेल तर टोकं सरकली आहेत.

भिंगवाल्या फायबरचा ठिपका २-३ मायक्रोमीटरचा, त्यामुळे मायक्रोमीटरभर सरकणंही जाणवतं. आधी बाहेर पडणारी बाजू सुधारा, मग आत जाणारी. आत जाणारी बाजू हलवली की ध्रुवण आणि वलयातली पॉवर दोन्ही बदलतात. बाहेरची हलवली तर फक्त वाचन सुधारतं, आणि निम्म्या वेळा तेवढाच दोष असतो. टोक कडेकडे ढकलताना मायक्रोस्कोपमधून डोळा काढू नका. कड आणि भिंग एकमेकांना भिडले की दोन्ही जातात.

फायबर डिंकाने कायमचं चिकटवलेलं मॉड्यूल असेल तर ही पायरी तुमची नाही. खाली शेवटचा भाग वाचा.

लेसर कसा फिरतोय

प्रकाश पोचतोय, तापमान धरलंय, पायरी दिसते आणि तरी तीवर उभं राहता येत नाही, तर आता वेगाचा प्रश्न. सावकाश फिरवलं तर पायरीवर पोचेतो वलय गार होऊन निसटतं. फार भरभर फिरवलं तर लेसर पायरी ओलांडून जातो. फंक्शन जनरेटरवर उताराचा वेग टप्प्याटप्प्याने बदला आणि प्रत्येक वेगाला पायरीची लांबी नोंदवा. ती कुठेतरी सर्वांत लांब दिसेल. तो तुमचा वेग. दुसऱ्या चिपसाठी तो बदलेल.

पायरी कुठल्याच वेगाला पुरेशी लांब होत नसेल तर दुसरा, मदतनीस लेसर वलयाच्या वेगळ्या अनुनादावर आखूड तरंगलांबीच्या बाजूने बसवतात. सॉलिटॉन लागताना पंपाची उष्णता घटते तेव्हा हा लेसर अनुनादात आणखी आत शिरतो आणि तूट भरून काढतो. ही पद्धत मला सगळ्यांत भरवशाची वाटते, पण दुसरा लेसर म्हणजे खर्च, म्हणून ती इतक्या खाली लिहिली.

लेसर मध्येच उडी मारत असेल तर ऑसिलोस्कोपवर त्रिकोण तुटलेला दिसतो. करंट किंचित बदलून उडीची जागा अनुनादापासून लांब ढकला. पंपानंतर आयसोलेटर (लेसरकडे परत येणारा प्रकाश अडवणारा) आहे ना, तो उलटा लावलेला नाही ना, हेही बघून घ्या. थेट चिपला चिकटवलेल्या लेसर डायोडच्या मॉड्यूलमध्ये मात्र आयसोलेटर मुद्दाम नसतो. तिथे वलयातून परत येणारा प्रकाशच लेसरला धरून ठेवतो. कळ दाबली की सॉलिटॉन उभा राहणारे असे कोम २०२० मध्ये दाखवले गेले. त्यांत फिरवण्याचा वेग हा विषयच नाही. फक्त करंट आणि तापमान सांभाळायचं.

वीज

बीट नोटच्या (कोमचा दाता आणि दुसरा लेसर एकत्र फोटोडायोडवर घेतल्यावर मिळणाऱ्या फरकाच्या सिग्नलच्या) दोन्ही बाजूंना ५० आणि १०० हर्ट्झवर काटे उभे असतील तर लेसर ड्रायव्हरपर्यंत वीजपुरवठ्याची गुणगुण पोचतेय. टेबलावरचे लॅपटॉपचे चार्जर काढा. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर आणा. अर्थिंगची पिन कापण्याचा "जुगाड" कोणी सुचवला तर त्याला खोलीबाहेर काढा.

चिप

एवढं सगळं झाल्यावर चिपकडे या. एका चिपवर सहसा बरीच वलयं असतात. शेजारचं वलय लावून बघा. शेजारचं चालतं आणि तुमचं नाही, तर दोष त्या वलयात किंवा त्याच्या वाटेत. १ मिलिवॅटच्याही खाली, त्रिकोण अजिबात दिसणार नाही इतक्या कमी पॉवरला अनुनादाची रुंदी मोजा आणि जुन्या आकड्याशी ताडा. रुंदी दुप्पट म्हणजे क्यू निम्मा, आणि मग लागणारी पॉवर चौपट. या एका परिस्थितीत "पॉवर पुरत नाही" हे खरं असतं. स्पेक्ट्रमच्या घुमटात एकाच जागी कायम दात पडलेला दिसत असेल तर तिथे दुसऱ्या मोडशी (वलयात प्रकाश फिरण्याच्या वेगळ्या तऱ्हेशी) गाठ पडते. तो बिघाड नाही, ती त्या वलयाची जडणघडण आहे. शेजारच्या अनुनादावर पंप नेऊन बघा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ॲम्प्लिफायर चेतावणी देतोय, त्याचा आउटपुट आपोआप घसरतोय किंवा तो चालू होऊन लगेच बंद पडतोय: झाकण उघडू नका. आत पंप डायोड आणि जोडलेली फायबरं असतात, आणि ती दुरुस्ती उत्पादकाचीच.

फायबरमधून पांढरा किंवा निळसर प्रकाशाचा ठिपका लेसरच्या दिशेने सरकताना दिसला: लगेच पॉवर बंद. फायबर आतून जळत चाललंय. तो ठिपका जिथून गेला तो सगळा तुकडा निकामी, आणि त्यामागची प्रत्येक वस्तू जाणकाराने तपासल्याशिवाय काहीही चालू करायचं नाही.

चिपच्या कडेला साफ न होणारा काळा डाग, किंवा चिकटवलेल्या मॉड्यूलमध्ये कपलिंग ३ डेसिबलहून अधिक पडलेलं: पॅकेजिंग करणाऱ्याकडे पाठवा. डिंक तापवून किंवा सुरीने काढायच्या फंदात पडू नका.

पेल्टिएचा करंट मर्यादेला जाऊन चिकटलाय आणि तापमान तरीही चढतंय: बंद करा. पेल्टिए उलटा जोडलेला असेल किंवा मेलेला. चालू ठेवलात तर चिप भाजून निघेल.

कोणाच्याही डोळ्यावर किंवा त्वचेवर प्रकाश पडल्याचा नुसता संशय असेल तर दुखत नाही म्हणून थांबू नका. आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग संस्थेचा लेसर सुरक्षा अधिकारी, मग यंत्र.

बाहेरचा माणूस बोलावताना किंवा चिप पाठवताना सोबत एवढं द्या: चिप नवी असतानाचं आणि आताचं कपलिंगचं वाचन, कमी पॉवरला मोजलेली अनुनादाची रुंदी, त्रिकोणाचे दोन फोटो, पेल्टिएचा सेटपॉइंट, आणि शेवटच्या आठवड्याची तापमान-आर्द्रतेची नोंद. चिप जेलच्या डबीत, डबी हवाबंद पिशवीत, पिशवीत ताजं सिलिका जेल. पिशवीवर तारीख आणि वलयाचा क्रमांक लिहा, आणि चिपची कुठली कड आत जाणारी ते बाणाने दाखवा.